परक्याचं धन

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, माझ्याच अंगणात गुडघाभर बर्फात उभं असताना मला कळलं की समोरची टाकी माझी नाही. हे ज्ञान मिळवण्याची फी ७५ डॉलर.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गावाबाहेर, मक्याच्या शेतांमध्ये घर घेतलं की रस्त्याखालून गॅसची पाइपलाइन येत नाही. घरामागे पांढऱ्या कॅप्सूलच्या आकाराची ५०० गॅलनची टाकी असते. ट्रक येतो, तिच्यात प्रोपेन भरून जातो, आणि त्यावर घर तापवणारी फर्नेस, गीझर, शेगडी सगळं चालतं. आमच्या कंपनीचा भाव या महिन्यात गॅलनला २.७९ डॉलर. पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या कंपनीने फोनवर सांगितला १.८९. काटा २४ टक्क्यांवर होता, म्हणजे ८० टक्क्यांपर्यंत भरायला २८० गॅलन लागणार. फरक २५२ डॉलरचा. फोनवरच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "टाकी स्वतःची आहे ना?" आता, घर घेतलं तेव्हा टाकी इथेच होती. उन्हाळ्यात तिच्याभोवतीचं गवत मी कापतो, हिवाळ्यात बर्फ मी उपसतो. मी छातीठोकपणे हो म्हणालो.

ट्रकमधून उतरले ते साठीच्या पुढचे, दाराच्या चौकटीएवढे गृहस्थ. इंग्रजीत तू-तुम्हीची भानगड नसते, पण वयाकडे बघून मी मनातल्या मनात त्यांना अहो-जाहोच करत होतो. त्यांनी टाकीचं झाकण उचललं, काटा पाहिला, खिशातून चष्मा काढून टाकीवरची धातूची पट्टी वाचली. मग वाकून बाजूचा बर्फ हातमोज्याने पुसला. खालून पत्त्याच्या पानाएवढा एक स्टिकर निघाला. आमच्या कंपनीचा.

"अरेरे," ते म्हणाले, आणि टाकीच्या पाठीवर म्हशीला थोपटतात तसं थोपटलं. "हिला मी ओळखतो. मीच बसवली होती."

"मग तर छानच झालं," मी म्हणालो. "भरा."

"नाही भरता येणार. ही त्यांची आहे."

"पण तुम्हीच बसवली ना?"

"तेव्हा मी त्यांच्याकडे होतो."

"म्हणजे टाकी तीच, माणूस तोच, गॅस तोच..."

"गॅस तर अगदी तोच," ते उत्साहाने म्हणाले. "दोघंही एकाच टर्मिनलवरून भरतो. आज पहाटे त्यांचा ट्रक रांगेत माझ्या पुढे होता. चांगला मुलगा आहे. मीच शिकवलंय त्याला."

मी त्या टाकीकडे पाहिलं. नांदायला माझ्याकडे, खाणंपिणं माझ्या खर्चाने, आणि हक्क सगळा माहेरचा. भाड्याच्या टाकीत मालक कंपनीशिवाय दुसऱ्या कोणी गॅस भरायचा नाही, हे करारात असतं आणि बऱ्याच राज्यांत कायद्यातही. त्यामागचं कारण सुरक्षिततेचं सांगतात: टाकीचे व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, तपासणी यांची जबाबदारी ज्याची, भरण्याचा अधिकार त्याचा. कारण खोटं नाही. फक्त त्या कारणाला गॅलनमागे ९० सेंट चिकटलेले असतात, एवढंच.

काकांना जायची घाई नव्हती. गॅस द्यायचा नाही हे ठरल्यावर त्यांना सल्ला द्यायची मुभाच मिळाली असावी.

"चोवीस टक्के," ते म्हणाले. "म्हणजे किती?"

मला शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं. "एकशेवीस गॅलन."

"शाबास. लोक चोवीस गॅलन समजतात, नाहीतर चारशेचे चोवीस टक्के काढतात. काटा पूर्ण टाकीची टक्केवारी दाखवतो. भरतो मात्र ऐंशीपर्यंतच, कारण उन्हाळ्यात द्रव फुगतो, त्याला वर जागा लागते. आणि थंडीत तो आकसतो. ऐंशीला भरलेली टाकी शून्य फॅरनहाइटला त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर दाखवते. मग लोक फोन करतात की तुम्ही कमी भरला. कमी नसतो भरला. ट्रकचं मीटर साठ फॅरनहाइटच्या हिशेबाने दुरुस्त करूनच पावती छापतं." इथे त्यांनी आवाज खाली आणला, जणू घराण्याचं गुपित सांगतायत. "पावतीवर ते लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही."

मग त्यांनी हातमोजा काढून बोटांवर हिशेब मांडला. ६५ फॅरनहाइटमधून दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं, येतात ते त्या दिवसाचे डिग्री-डे. इथे वर्षाकाठी साधारण ७,००० होतात. तुमचं घर वर्षाला १,००० गॅलन जाळत असेल तर एका गॅलनमध्ये सात डिग्री-डे निघतात. ऑटोमॅटिक डिलिव्हरीवाल्यांचे संगणक याच आकड्यावरून ट्रक कधी पाठवायचा ते ठरवतात. "या आठवड्यात सरासरी पाच फॅरनहाइट. साठ डिग्री-डे. भागिले सात. रोज साडेआठ गॅलन. खालचे दहा टक्के धरायचे नाहीत. उरले सत्तर." त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "आठ दिवस आहेत तुझ्याकडे, बडी."

पाच फॅरनहाइट म्हणजे उणे १५ सेल्सियस. त्या थंडीत, ज्याच्या ट्रकमध्ये दोन-अडीच हजार गॅलन प्रोपेन आहे असा माणूस, ट्रक चालू ठेवून, मला माझ्या मरणाची तारीख काढून देत होता.

भारतात सिलिंडर संपायचा तो पाहुणे आल्यावर, कुकरची दुसरी शिट्टी होता होता. मग तो आडवा करायचा, गदागदा हलवायचा, बुडाला कोमट पाणी ओतायचं. (करू नये, पण सगळे करायचे.) आणि शेवटी शेजारच्या काकूंकडे जायचं. इथली ४०० गॅलन भरलेली टाकी म्हणजे वजनाने ७६० किलोच्या आसपास प्रोपेन, आपल्या १४.२ किलोच्या हिशेबाने चोपन्न सिलिंडर झाले. चोपन्न सिलिंडर आडवे करून हलवता येत नाहीत, आणि शेजारच्या काकू पाऊण मैलावर असतात. शिवाय टाकी रिकामी झाली तर नुसता गॅस भरून भागत नाही. आधी गळतीची तपासणी करावी लागते, मगच उपकरणं पुन्हा पेटवतात. तिची फी वेगळी, तातडीच्या फेरीची वेगळी, थोडा गॅस मागवला तर त्याचीही वेगळी. टाकीत तळाशी आलं की वास जास्त येतो, कारण मिसळलेलं वासाचं द्रव्य शेवटी तळाला साठतं. तो वास आला की लोकांना गळती वाटते. वास आल्यावर बाहेर पडून फोन करायचा हेच बरोबर, पण काटा तीसवर असतानाच मागवला असता तर ही वेळ आली नसती. मला हे माहीत आहे. तरी मी चोवीसपर्यंत थांबलो, कारण भाव उतरेल अशी आशा होती. जानेवारीत प्रोपेनचा भाव उतरण्याची वाट बघणारा माणूस गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दादरला स्वस्त फुलं शोधायला निघतो.

"तू जुलैत का नाही घेतला?" काकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

जुलै-ऑगस्टमध्ये कंपन्या हिवाळ्याचे करार करतात. आगाऊ पैसे भरून भाव बांधून घ्यायचा. त्यात भाव पडला तर आपण फसतो, आणि कंपनी बुडाली तर पैसेही बुडतात. किंवा थोडी जास्त फी देऊन कमाल भाव ठरवायचा: वर गेला तर तेवढाच, खाली आला तर खालचा. हे खाली येण्याचं कलम करारात आहे का ते बघून घ्यावं, बऱ्याचदा नसतं. नवीन गिऱ्हाइकाला पहिली टाकी स्वस्तात देतात आणि पुढच्या वर्षी वसूल करतात. आणि गॅलनचा भाव विचारूच नये. टाकीचं भाडं, धोकादायक मालाची फी, डिझेलचा अधिभार, वर्षाला अमुक गॅलन नाही वापरले तर दंड, हे सगळं मिळवून एकूण बिलाला गॅलनांनी भागावं. जो आकडा येतो तो खरा भाव. बाकीची सगळी लग्नपत्रिका.

मी म्हटलं, जुलैत ९० फॅरनहाइट होतं, प्रोपेन आठवला नाही.

"२०१३ ला नव्हतास ना इथे?" काका टाकीला टेकून उभे राहिले. मी ओळखलं, आता मका येणार. विस्कॉन्सिनमधली कुठलीही गोष्ट शेवटी मक्यावर किंवा चीजवर येते. त्या वर्षी मका उशिरा आणि ओला निघाला. मका साठवायचा तर ओलावा पंधरा टक्क्यांवर आणावा लागतो, आणि त्याचे ड्रायर प्रोपेनवर चालतात. एका बुशेलचा (हे इथलं धान्याचं माप) एक टक्का ओलावा उडवायला अंदाजे ०.०२ गॅलन. ऐकायला चिमूटभर. पण शंभर एकर, एकरी १८० बुशेल आणि पाच टक्के ओलावा धरा, झाले १,८०० गॅलन, जवळजवळ माझे दोन हिवाळे. सगळ्या मिडवेस्टने एकदम ड्रायर लावले, साठे उतरले, आणि जानेवारी २०१४ मध्ये ध्रुवावरची थंडी खाली आली. घरगुती भाव गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी कॅनडातून इकडे प्रोपेन आणणारी कोचिन पाइपलाइन उलटी फिरवली, तिच्यातून आता दुसराच माल तिकडे जातो. "ट्रक होता, रस्ता होता, टर्मिनलवर चौदा तास रांग होती," काका म्हणाले. "तेव्हा कोणी विचारत नव्हतं टाकी कोणाची."

"तेव्हा भरली असती का माझी?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

मग ते घराभोवती एक चक्कर मारून आले. मी बोलावलं नव्हतं. भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप बर्फात अर्धे बुडालेले होते, ते त्यांनी बुटाने मोकळे केले. ९५ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस त्याच पाइपांतून श्वास घेते आणि सोडते. पाइप बंद झाला की प्रेशर स्विच तिला विझवतो, आणि आपण रात्री दोन वाजता कंपनीला शिव्या देतो. गॅसचा दाब उतरवणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या रेग्युलेटरच्या तोंडाशी बर्फ साचला होता, तो हाताने काढला. तोंड बुजलं तर दाब बिघडतो. हातोडीने ठोकू नको म्हणाले. खिडकीतून आत डोकावून त्यांनी मान हलवली.

"ती विजेची शेगडी कशाला?"

खोली तापवायला, गॅस वाचावा म्हणून, असं मी अभिमानाने सांगितलं. काकांनी डोळे मिटले. एका गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू उष्णता. चांगल्या फर्नेसमधून घरात येतात ८७ हजार, म्हणजे साडेपंचवीस युनिट वीज. इथे युनिट १७ सेंट. म्हणजे त्या शेगडीने मी ४ डॉलर ३३ सेंट गॅलन दराने प्रोपेन जाळत होतो. २.७९ महाग वाटतो म्हणून. बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारा हीट पंप असता तर गोष्ट वेगळी. तो एका युनिटमध्ये अडीच युनिटांची उष्णता ओढतो तेव्हा हाच हिशेब १.७३ वर येतो. कडाक्याच्या थंडीत त्याचा दम कमी होतो, तेव्हा फर्नेस लावायची. हे त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "मी तुला हे सांगायला नको. मी प्रोपेन विकतो."

"मला कुठे विकताय," मी म्हणालो.

त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळला आणि आवडला नाही.

जाता जाता त्यांनी तोडगाही दिला: कंपनीला फोन करून टाकीच्या विक्रीची किंमत विचार, टाकीवरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक सांग, लेखी पावती घे. मग कुणाकडूनही भर. गॅलनमागे ९० सेंटचा फरक आणि वर्षाला १,००० गॅलन, म्हणजे ९०० डॉलर. दोन-तीन हिवाळ्यांत टाकी फिटते. पण मग रंग, व्हॉल्व्ह, पंधरा-वीस वर्षांनी रेग्युलेटर, सगळं आपल्या माथी. मी तिथल्या तिथे फोन लावला. आमच्या कंपनीतल्या मुलाने फार गोड आवाजात सांगितलं की सीझनमध्ये टाक्या विकत नाहीत, एप्रिलमध्ये करा. एप्रिलमध्ये! म्हणजे बुडणाऱ्याने पोहायचा क्लास उन्हाळ्याच्या सुट्टीत लावावा. निदान गॅस तरी पाठवा म्हटलं, तर शुक्रवार किंवा सोमवार, आणि टाकीपर्यंतची वाट मोकळी हवी, नाहीतर ट्रक परत जाईल. त्या फेरीची फी वेगळी.

काका ट्रकच्या मागे गेले. मीटरच्या यंत्राने खर्र खर्र करत एक कागद छापला. फेरीचे ७५ डॉलर त्यांनी खाली पेनने लिहिले, माझी सही घेतली, टाकीला जाता जाता आणखी एकदा थोपटलं आणि निघून गेले. मी घरात येऊन, शेगडीचा प्लग काढून, ती पावती पहिल्यांदाच नीट वाचली. त्यांनी सांगितलं होतं तसं खरंच छापलेलं होतं.

दिलेला माल: ०.० गॅलन. ६० अंश फॅरनहाइटनुसार दुरुस्त.