‘सगळेच असं करतात’ म्हटलं की सुटका?

रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टरचं चुकलंच, असं मी मानत नाही. नीट केलेलं ऑपरेशनही फसतं, आणि मन लावून लढवलेला खटलाही वकील हरतो. कायदाही परिणामावर बोट ठेवत नाही, काम करताना पुरेशी काळजी घेतली का एवढंच विचारतो. पण पुरेशी म्हणजे किती, हे ठरवायचं कोणी?

इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यात रुग्णाला उपचार म्हणून विजेचे झटके देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं नव्हतं. त्याची हाडं मोडली, आणि खटलाही तो हरला. ते औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांतच दोन मतं होती. जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत वापरली, तर तो निष्काळजीपणा नव्हे, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं. पुढे भारतासह अनेक देशांनी हीच कसोटी उचलली. डॉक्टरकी न्यायाधीशाने शिकवू नये, हे मलाही पटतं. पण मग आपल्या चुकीची रेघ त्या व्यवसायानेच आखायची, असं होऊन बसतं.

म्हणून मला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा १९७४ चा निकाल जवळचा वाटतो. ३२ वर्षांच्या एका बाईची नजर काचबिंदूने अधू झाली. कित्येक वर्षं ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जात होती, पण ज्यावरून काचबिंदूचा संशय येतो तो डोळ्यातला दाब कोणी मोजला नव्हता. चाळिशीच्या आत हा आजार २५ हजारांत एखाद्याला होतो, म्हणून त्या वयात दाब मोजायचा रिवाजच नव्हता. चाचणी मात्र साधी, स्वस्त आणि निर्धोक. सगळे डॉक्टर तसंच करत असले तरी हे चुकलंच, असं न्यायालयाने ठरवलं. अशाने डॉक्टर भीतीपोटी नको त्या तपासण्या करतील, ही टीका मी वाचली आहे, आणि ती पोकळ नाही. तरीही मी त्या बाईच्या बाजूने आहे.

इंग्लंडलाही १९९७ मध्ये म्हणावं लागलं, की तज्ज्ञांचं मत तर्काला टिकलं पाहिजे. आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात स्कॉटलंडमधला मॉन्टगोमेरी खटला आला. आईला मधुमेह, प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितला तर बायका सिझेरियनच मागतात, असं त्यांचं म्हणणं. बाळ कायमचं अपंग झालं. कोणता धोका सांगण्याजोगा, हे रुग्णाच्या जागी उभं राहून ठरवा, असं न्यायालयाने बजावलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की बाळ मोठं आहे, प्रसूती नीट होईल ना, ही काळजी त्या आईने स्वतःहून बोलून दाखवली होती.