नवजात बाळाच्या रक्तातील बुरशी आणि एक घातक संदेश

गोव्यातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरणारा एक संदेश सांगतो की, नवजात बाळाला बुरशीचा संसर्ग पावसाळ्यातील दमट हवेने होतो, मध चाटवल्याने तो जातो, इस्पितळातील अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध मूत्रपिंडे निकामी करते आणि बाळ दूध ओढू लागले की इंजेक्शने बंद करावीत.

ओल्या भिंतीवरची बुरशी आणि बाळाच्या रक्तात शिरणारी कँडिडा या वेगळ्या आहेत. कँडिडा प्रसूतीच्या वेळी आईकडून किंवा नंतर बाळाला हाताळणाऱ्यांच्या हातांवरून येते आणि बहुतेक बाळांना तिचा त्रासही होत नाही. धोका असतो तो मुख्यतः 1000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, ज्यांची त्वचा नाजूक असते, मोठ्या शिरेत नळी असते आणि प्रतिजैविके बरेच दिवस चाललेली असतात.

कँडिडामुळे जिभेवर येणाऱ्या पांढऱ्या थरासाठी डॉक्टर निस्टॅटिन या बुरशीविरोधी औषधाचे थेंब देतात. रक्तातील संसर्गावर मधाचा काहीच उपयोग नाही. उलट वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

अँफोटेरिसिनविषयीच्या भीतीत तथ्य आहे, आणि ते लपवू नये. हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणते व रक्तातील पोटॅशियम घटवते, म्हणूनच ते देताना रक्ततपासण्या वारंवार केल्या जातात. मात्र नवजात बाळे ते मोठ्या माणसांपेक्षा चांगले सोसतात. नेहमीची मात्रा दररोज किलोमागे 1 मिलिग्रॅम असते. फ्लुकोनाझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध प्रतिबंधासाठी आधी दिलेले नसेल, तर अँफोटेरिसिनऐवजी तेही चालू शकते. औषध नाकारल्यास मात्र उपचाराविना वाढणारा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि तो धोका संदेशात कुठेच नाही.

सर्वांत घातक सल्ला इंजेक्शने थांबवण्याचा आहे. बाळ टवटवीत दिसले तरी कँडिडा मेंदू, डोळे, मूत्रपिंडे किंवा हृदयात दडून राहू शकते. म्हणून शक्य तितक्या लवकर शिरेतील नळी काढतात, पाठीच्या कण्यातील पाणी व डोळ्यांचा पडदा तपासतात, आणि रक्ताचे कल्चर (रक्तात बुरशी वाढते का हे पाहणारी तपासणी) स्वच्छ आल्यानंतर, लक्षणे गेलेली असतील तर, आणखी 2 आठवडे उपचार चालवतात. मेंदूत संसर्ग असल्यास त्याहूनही अधिक. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्यत्र बाळ दाखल असेल, तर पालकांनी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे: कल्चर कधी स्वच्छ आले, नळी काढली का, डोळे तपासले का?