एलपी, सीडी आणि पत्र्यावरचा पाऊस : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही मला 'बाळा' म्हटलंत, म्हणजे काका म्हणायची परवानगी मिळाली असं धरतो.

तुमचे आक्षेप तीन. किंग क्रिम्सन या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची सीडी माझ्याकडच्या जुन्या एलपीहून (म्हणजे सुईने वाजणाऱ्या रेकॉर्डहून) सरस वाटते, असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते 'बहिऱ्याचं मत'. डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या पडतात, त्यात जीव राहत नाही, आणि डायनॅमिक रेंजचे (आवाजाची शिखरं सरासरीच्या किती वर जातात त्याचे) तक्तेही एलपीच्याच बाजूने आहेत. शिवाय मालवणात पत्र्याखाली बसून आवाज पारखणं म्हणजे मासळीबाजारात अत्तर हुंगणं.

शेवटचं वाचून आई खूप हसली. पत्रा फक्त पडवीला आहे, घरावर कौलं आहेत. पण जुलैत दोन्ही सारखेच. खिडक्या लावूनही मोबाइलवरचा मीटर साठ डेसिबलच्या खाली उतरत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सीडीत ९६ डेसिबलची जागा असते, चांगल्या दाबलेल्या एलपीत साठ-सत्तरची, आणि या दिवसांत दोन्ही पावसात वाहून जातात. मी काही लावायला गेलो की आईचं ठरलेलं असतं, "आधी पावसाक गप रवाक सांग." म्हणून मी ऐकतो ते जानेवारी-फेब्रुवारीत, रात्री अकरानंतर, हेडफोनवर. त्या लेखात हे लिहायला हवं होतं.

आता पहिला मुद्दा. तिथे मी चुकलोच, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही. माझी एलपी १९६९ च्या मूळ मिश्रणाची (मिक्सची) आहे. सीडी २००९ ची, म्हणजे संगीतकार स्टीव्हन विल्सनने मूळ मल्टीट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्यं वेगवेगळी असतात) नव्याने केलेल्या मिश्रणाची. ढोल कुठे बसवायचा, मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) किती पुढे आणायचा, हे सगळं त्यात पुन्हा ठरलं. दोन वेगळी मिश्रणं ऐकून मी निकाल दिला तो सीडी आणि एलपीचा. त्यात या अल्बमची मूळ स्टिरिओ मास्टर टेप (मिश्रण झाल्यावरची अंतिम टेप) कित्येक वर्षं हरवलेली होती, जुन्या सीड्या नकलेच्या नकलेवरून निघाल्या. तुमच्याकडची सीडी त्यातली असेल तर ती धुरकट वाटणारच. पण त्याचं पाप सीडीच्या माथी मारू नका, धूर टेपमधूनच आलाय.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. दोन्हींचा आवाज मी अंदाजाने सारखा केला होता. आपल्याकडच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ज्या बुवांचा माइक जरा वर, त्यांचा गजर रंगला असं अख्खी वाडी सकाळी सांगते. कानाला एखादा डेसिबलही पुरतो, आणि तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो.

म्हणून तुमच्या 'पायऱ्यां'साठी यंदा वेगळी परीक्षा घेतली. एलपी लावली आणि फोनो अ‍ॅम्पमधून (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्यातून) दोन वाटा काढल्या. एक थेट हेडफोनच्या अ‍ॅम्पला, दुसरी लॅपटॉपमधून, सीडीच्याच मापाने डिजिटल होऊन (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) परत बाहेर. एकाच सुराची चाचणी-रेकॉर्ड लावून मल्टिमीटरने दोन्ही वाटांचा आवाज जुळवला. भाच्याने खटका फिरवायचा, मी पाठमोरा बसून कुठली वाट ते सांगायचं. सोळापैकी नऊ बरोबर आले. नाणं उडवून याहून फार वेगळं आलं नसतं. डिजिटलने जीव जात असता तर तो तिथेच जायला हवा होता. पायऱ्या असतात त्या पडद्यावरच्या चित्रात. बाहेर पडणारी लाट गुळगुळीतच असते, कारण २२ किलोहर्ट्झच्या आत राहून डिजिटलने टिपलेल्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच निघते.

तक्त्यांचं म्हणाल, तर तीच मास्टर एलपीवर कापून पुन्हा मोजली तरी आकडा वाढतो. खाच आणि सुईच्या प्रवासात लाटेतले स्वर एकमेकांपासून किंचित सरकतात, त्यामुळे शिखरं उंचावतात. संगीत काही त्याने मोकळं झालेलं नसतं.

तरीही सीडीने मार खाल्लेली उदाहरणं आहेत, ती लपवत नाही. रश या बँडचा 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) घ्या. आवाज इतका वर खेचलाय की लाटांची डोकीच छाटली गेलीत. दोन गाण्यांत कान शिणतो. शेवटी २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम नव्याने मिक्स करून घेतला. तोही सीडीवर आला, आणि त्यात श्वास घ्यायला जागा आहे. तबकडी तीच, फक्त मिक्सिंगच्या टेबलामागचा हात बदलला.

उलट एलपीला प्रोग्रेसिव्ह रॉकचा लांबपणाच सोसत नाही. तुमच्या लाडक्या जेनेसिस बँडचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) बघा. दुसरी बाजू अठ्ठावीस मिनिटांच्या वर आहे. एवढं मावायचं तर खाचा दाटीने आणि हलक्या आवाजात कापाव्या लागतात, मग सुईची खरखर वर येते. त्यात बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या कडेला जेमतेम वीस-एकवीस. त्याच बाजूवरच्या 'द सिनेमा शो' या गाण्याच्या शेवटची कीबोर्डची लांबलचक फेरी नेमकी त्या आतल्या भागात येते. जिथे संगीत चढतं तिथेच खाच आखडते. माझ्या एलपीवर तर तिथे बुरशीही आहे (कपाटात चाळीस वॅटचा बल्ब जळत ठेवूनही), त्यामुळे ती पुरावा म्हणून मी मोजत नाही.

म्हणून तुमची एलपी आणा. गणपतीत नको, शेजारच्या घरी डबलबारी असते. जानेवारीत या, खटका भाच्याच्या हातात देऊ. आणि काका, सुई पहिल्या गाण्यावर नाही ठेवायची, थेट 'सिनेमा शो'च्या शेवटच्या चार मिनिटांवर.