मर्फीचा खोका आणि बाबांच्या कॅसेटी

परवा ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. काउंटरवर चकचकीत पॉलिश केलेला जुना मर्फी रेडिओ. लेक म्हणाली, "बाबा, कसला भारी आहे ना!" मी मागून डोकावलो. आत ना व्हॉल्व्ह, ना स्पीकर. नुसता ब्लूटूथचा डबा. पेंढा भरलेल्या वाघासारखा दिसला मला तो.

रेडिओचा इतिहास जपायचा म्हणजे आपल्याकडे एवढंच: खोका पुसून दिवाणखान्यात ठेवायचा. अहो, कपाटात तंबोरा ठेवला म्हणून गाणं जपलं जातं का?

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. माळा रिकामा करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या बारा कॅसेटी निघाल्या. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरादाराला गप्प बसवून केलेलं रेकॉर्डिंग. एक कशीबशी वाजली. त्यात अर्धीच श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, आहे; नाव कळत नाही. दार करकरतं, चपला वाजतात, एक माणूस "अगं, पाणी दे" म्हणत बोलता बोलता आतल्या खोलीत जातो. जातो कसला! माइकपासून दोन पावलं मागे सरकून तोंड फिरवतो, बस्स. पण मला ती खोली दिसली, तिथला माठसुद्धा. मध्येच आमच्या कुकरची शिट्टी आणि आईची कुजबुज, "बंद करू का हो?"

मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. म्हणजे शतक भरत आलं. आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक कार्यक्रमातले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत घरोघरी नात्यातले होते. पण त्यांचे आवाज असलेले बाळ कुरतडकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी गोखले रोडवरून चालत गेले असते तर कितीजणांनी वळून पाहिलं असतं? रंगभूमीवरच्या नटाचे निदान फोटो उरतात, परीक्षणं उरतात. रेडिओवरच्या नटाचा आवाज पुसला की माणूसच पुसला. आणि पुसायचेही. सुरुवातीला बरंच काही थेट प्रसारित व्हायचं. पुढे टेप आली, तर ती महाग, म्हणून त्याच स्पूलवर नवा कार्यक्रम. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, काटकसर होती. मोठ्या गवयांच्या मैफली आकाशवाणीनं सांभाळल्या, त्याबद्दल दंडवत. पण मंगळवारी दुपारची साधी श्रुतिका सांभाळावी असं कुणाला वाटणार? वाटलं ते आमच्या बाबांसारख्या हौशी लोकांना.

तेव्हा मंडळी, माळा आवरताना कॅसेटी भंगारात टाकू नका. आणि थेट वाजवूही नका! आधी टेपच्या मागचा फेल्टचा इवलासा तुकडा जागेवर आहे का बघा. जुना गोंद सुटून तो पडतो, मग टेप प्लेअरच्या हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. आम्ही दुसऱ्या एका कॅसेटचे पाच स्क्रू उघडून तिचा तुकडा इकडे बसवला. घरगुती शस्त्रक्रिया, पण जमली.

अजून अकरा राहिल्यात आणि आमच्या कॅसेट डेकचा पट्टा तुटलाय. घंटाळीच्या आसपास कुणाकडे चालू डेक असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. चहा-भजी माझ्याकडून.