‘आमच्या आजीने आठ वाढवली’ या फॉरवर्डला उत्तर

रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत, इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आमच्या आजीने एकाही योजनेशिवाय आठ मुलं वाढवली. आता दिवस गेले की पैसे, मुलगी झाली की ‘लाडली’. पैशांसाठी पोरं होतात, अंगणवाडीत खिचडीपलीकडे काही मिळत नाही, आणि मूल वाढवणं आईबापाचं काम असताना आमच्या करातून हे कशाला? बंद करा. खाली अंगठ्यांची रांग.

आजीपासूनच सुरुवात करू. वाढवली आठ, जन्माला किती आली होती? जुन्या घरांतल्या वंशावळी उघडून पाहा, दोन-तीन नावांपुढे ‘बालपणी वारला’ सापडेलच. मुलींची तर पुष्कळदा नावंही नसतात. १९६० च्या सुमारास भारतात जन्मलेल्या चार मुलांपैकी जवळजवळ एक पाच वर्षांचं होण्याआधी जात असे. २०२० पर्यंत हे प्रमाण साधारण तीसांत एक इतकं खाली आलं. लसी, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं, १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. म्हणजे आजी ज्यांच्याविना होती, त्याच गोष्टींचा.

शिवाय आजी एकटी नव्हती. वाड्यात सासू होती, जावा होत्या, आणि बहुतेक घरांत एक आलवणातली विधवा आत्या होती, जिने आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं न्हाऊ-माखू घातली. तिला कोणी पगार दिला नाही, की तुला हे करायचं आहे का असंही विचारलं नाही. तो फुकटचा आधार गेला, हे वाईट झालं असं मला वाटत नाही. पण निमाडातून बांधकामावर इंदूरला आलेल्या बाईकडे ना वाडा, ना आत्या. तिचं सहा महिन्यांचं बाळ वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत असतं.

आता ‘पैशांसाठी पोरं’. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्याला ६,०००, तेही मुलगी झाली तरच. तिसऱ्याला काहीच नाही. मध्य प्रदेशाच्या २००७ पासूनच्या लाडली लक्ष्मी योजनेत मुलीला सहावीला २,०००, नववीला ४,०००, अकरावी-बारावीला सहा-सहा हजार. मोठी रक्कम मुलगी २१ वर्षांची झाल्यावर, आणि त्यातही अट अशी की अठराच्या आत लग्न झालेलं नसावं. दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंबनियोजनाची अट आहे ती वेगळीच. या हिशेबावर पोरं काढणारा माणूस फारच दूरदृष्टीचा म्हणायचा! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात एका बाईमागे सरासरी मुलं २००५-०६ मध्ये ३.१ होती, २०१९-२१ मध्ये ती २.० वर आली.

खिचडीबद्दल एवढंच: अंगणवाडीतल्या आहाराचा २०१७ मध्ये ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये होता. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत एकदा चक्कर टाकून या, मग यावर बोलू.

अंगणवाडीत शिकवत नाहीत, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. भाड्याची एक खोली, कोपऱ्यात गॅस आणि पोत्यांची थप्पी. ताई मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप भरत असतात, आणि निवडणूक आली की मतदारयाद्याही त्यांच्याच गळ्यात पडतात. त्यातून शिकवायला वेळ उरतो किती? तमिळनाडूत ३२० केंद्रांवर संशोधकांनी एक प्रयोग केला. काही केंद्रांना फक्त शिकवण्यासाठी आणखी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा आणि गणिताचे गुण वाढले. शिवाय पहिल्या ताईंना पोषणाकडे बघायला सवड मिळाल्यामुळे खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं. तेव्हा अंगणवाडी रिकामी दिसत असेल तर तिथे आणखी एक माणूस द्या, असं म्हणायला हवं. फॉरवर्ड म्हणतो बंद करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या मराठी बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाडीच्या ज्या कामाचा पाया घातला, ते मराठी ग्रुपवर दुसऱ्या कुणाचं तरी काम ठरावं, हे जरा खटकतं.

राहिला आईबापाचा आणि कराचा मुद्दा. मूल आईबापच वाढवतात, यात वादच नाही. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती बाळाचं वजन-ताप बघून आईला दूध पाजण्यातल्या अडचणी विचारते. बाळ घेऊन जात नाही. जमैकात १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका जात आणि आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवत. वीस वर्षांनी ती मुलं तशीच, पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त कमवत होती. शिकवलं आईला, फायदा मुलाला.

आणि कर भरणाऱ्यांना काही मिळत नाही, असं कोण म्हणतं? केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला दोन मुलांसाठी मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. कायद्याखाली येणाऱ्या खाजगी आस्थापनांत २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. जुन्या करपद्धतीत दोन मुलांच्या शाळेच्या ट्यूशन फीवर वजावट आहे. आपल्यातल्या कित्येकांनी हे सगळं घेतलं आहे, आणि घ्यायलाच हवं. फक्त त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही.

खरी तक्रार करायची तर ती उलट्या बाजूने आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपये लिहिले आहेत. मुलगा की मुलगी, कितवं मूल, असा भेद त्या कलमात नाही. योजनेने तो आणला. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला दुसरं मूल म्हणून मुलगा झाला असेल, तर त्या बाळंतपणासाठी मातृवंदनेचा एक रुपयाही मिळणार नाही. तिच्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तिला दाखवा: सहा वर्षांखालची चाळीस मुलं असलेल्या झोपडवस्तीने मागणी केली, की तीन महिन्यांत केंद्र द्यावं लागतं. अर्ज लिहायला तिला मदत लागेल.