विंडोजशेजारी लिनक्स टाकताय? मग स्क्रीनशॉट बघून डिस्ट्रो निवडू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय: "विंडोज ठेवून सोबत लिनक्स टाकायचंय, कोणता डिस्ट्रो घेऊ?" (डिस्ट्रो म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची वेगवेगळ्या नावांनी मिळणारी तयार आवृत्ती.) खाली हमखास एक स्क्रीनशॉट जोडलेला. काळं पारदर्शक टर्मिनल, मागे धुक्यातले डोंगर, तळाला मॅकसारखा डॉक. "असं दिसलं पाहिजे."

दिसेल हो. कुठल्याही डिस्ट्रोवर रविवारची दुपार घालवली की तसं दिसतं. पण ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम, करायचं असेल तर दिसण्याचा नंबर शेवटचा. आधी बघायचं ते हे, की पाहुणा घरमालकाशी शेजारधर्म कसा पाळतो. डिस्क एक, बूट पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा कप्पा) एक, आणि दोघांना तिथेच नांदायचंय.

म्हणून माझं उत्तर एकदम कंटाळवाणं आहे: लिनक्स मिंट, त्यातली सिनेमन डेस्कटॉपची आवृत्ती. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटचीच हलकी एक्सएफसीई. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे, अपडेट २०२९ पर्यंत. म्हणजे दर सहा महिन्यांनी मोठं अपग्रेड करायची कटकट नाही. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू न देणारं संरक्षण) चालू ठेवून इन्स्टॉल होतं. इन्स्टॉलर विंडोज ओळखतो आणि 'शेजारी टाकू का' असं विचारतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर दोन क्लिकमध्ये बसतो. टाइमशिफ्ट हे सिस्टीमची प्रत ठेवणारं साधन सोबतच येतं, अपडेटने काही बिघडलं तर मागच्या स्थितीत परत जाता येतं. उबुंटू घेतलात तरी माझं भांडण नाही. फक्त तिथे फायरफॉक्ससुद्धा स्नॅप या उबुंटूच्या पॅकेजमधून येतो आणि जुन्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडताना चहा होतो.

फेडोरा? लॅपटॉप अगदी नवा असेल, नव्या कर्नेलशिवाय (लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा) वायफाय किंवा आवाज चालत नसेल, तर जरूर. पण प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच आयुष्य, आणि व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या कोडेक्ससाठी आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं सॉफ्टवेअर भांडार स्वतः जोडावं लागतं. आर्च? त्याचा इन्स्टॉलर सिक्युअर बूट चालू असताना उठतच नाही. ग्रबमध्ये, म्हणजे सुरुवातीला सिस्टीम निवडायच्या मेनूत, विंडोज दिसावं म्हणून ते शोधणारा ओएस-प्रोबरही हाताने चालू करावा लागतो. ज्याला यातच मजा वाटते तो मला विचारायला येत नाही. आणि काली, सुरक्षा-चाचणीवाल्यांचा डिस्ट्रो! इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला दर बॅचमध्ये चार जण ड्रॅगनच्या वॉलपेपरसाठी काली टाकतात. रोजच्या वापरासाठी आणि नवख्यांसाठी हा डिस्ट्रो नाही, हे काली बनवणारेच सांगतात. पण ते वाचतो कोण?

आता खरी गोष्ट. लोक ज्याला 'लिनक्सने वाट लावली' म्हणतात, त्यातलं निम्मं विंडोजच्या सेटिंगमध्ये असतं.

फास्ट स्टार्टअपचंच उदाहरण घ्या. तुम्ही शटडाउन दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून डी ड्राइव्ह उघडला की फाइल वाचता येतात, पण सेव्ह होत नाहीत. लोकांना वाटतं लिनक्सला एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) जमत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची ती खूण काढा, विषय संपला.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, त्याहून गंभीर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर तुम्ही काहीही न करता एन्क्रिप्शन चालू असतं. बूटची सेटिंग हलवली की निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आणि ते अकाउंट दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असू शकतं. इन्स्टॉलच्या आधी की कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका, कृपा करा.

घड्याळाची गंमत तर खास आपली. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ. त्यामुळे रात्री नऊला मिंट बंद करून विंडोज उघडलंत की तिथे दुपारचे साडेतीन. बरोबर साडेपाच तासांचा फरक. वैताग म्हणून सोडून द्याल, पण मध्यरात्रीनंतर असं झालं तर तारीखच आदल्या दिवशीची दिसते, आणि महिनाअखेरीला हिशेबात बसलेल्या माणसाला ते परवडणारं नाही. मिंटला 'तूही स्थानिक वेळच धर' असं एका कमांडने सांगता येतं.

बरं, विंडोज अपडेटसुद्धा खोड्या काढतं. ऑगस्ट २०२४ च्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांची सिक्युअर बूटवाली लिनक्स उठेनाशी झाली, कारण जुने बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारे प्रोग्रॅम) त्याने ब्लॉक केले. ड्युअल बूटवाल्या मशिन्सना ते लागू होणार नव्हतं, तरी झालं. त्यामुळे लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर माझं मत एकच: लिनक्सला वेगळी डिस्क द्या. त्यावर त्याचं स्वतःचं बूट पार्टिशन करा. डिस्ट्रोच्या वादापेक्षा ही जास्त कामाची गोष्ट आहे. दुसरी डिस्क नसेल तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, ६०-७० जीबी पुरते. आणि डेटाचा बॅकअप बाहेर, हे वेगळं सांगायला नको.

"एवढं करण्यापेक्षा विंडोज काढूनच टाका" म्हणणारे कमेंटमध्ये येणारच. अहो, टॅली आहे. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन आहे, ज्याचा विक्रेता लिनक्सचं नाव काढलं की फोन ठेवतो. छापखान्यात श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधल्या वीस वर्षांच्या फाइली आहेत. हे सगळं असताना विंडोज ठेवणं हा शहाणपणा आहे. मशीन जुनं असेल, विंडोज ११ घेत नसेल, तर विंडोज १० एवढ्यापुरतंच ठेवा. इंटरनेट, बँक, ईमेल मिंटमध्ये. नवीन मराठी टायपिंगही तिकडेच करा. इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड लेआउट दोन्हीकडे तोच आहे, बोटांना काही शिकावं लागत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून परत उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. शेवटचं कोणी तपासत नाही आणि नंतर तेच रडत येतात.

यावरही विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण लॅपटॉपचं मॉडेल, रॅम आणि वायफाय कार्डचं नाव लिहून. वॉलपेपर नंतर पाठवा.