मेणवलीला वीस मिनिटं, गादीवाल्याला दीड तास!

डोकं अजून तापलेलंच आहे. परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची पुण्याहून वाई-मेणवली सहल गेली. पैसे आगाऊ भरलेले, गुडघ्यांना पट्टे बांधून सगळे पहाटे सहाला चौकात हजर. आणि मेणवलीला वेळ किती? वीस मिनिटं! दीड तास खाल्ला वाईच्या अलीकडच्या एका मंगल कार्यालयाने. तिथे म्हणे 'आरोग्य मार्गदर्शन' होतं. म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच. चुंबकाची गादी.

खुर्च्या मांडलेल्या, चहा तयार, दार लोटलेलं. टाय लावलेला एक पोरगा आम्हाला 'आई-बाबा' म्हणत सुटला. म्हणे, या गादीवर झोपलं की साखर उतरते, गुडघे मोकळे होतात. साफ खोटं! बरं, कुणाला मधुमेह, कुणाची बायपास झालीय, हे त्याला नावानिशी माहीत. कसं? सहलीच्या फॉर्मवर आम्ही आजार लिहून दिले होते, वाटेत काही झालं तर उपयोगी पडावेत म्हणून. तो कागद याच्या हातात! मी उठून बाहेर निघाले तर सहलवाला आडवा. "काकू, बसा ना, गाडीला कुलूप आहे, ड्रायव्हर जेवायला गेलाय." सकाळी साडेनऊला कसलं जेवण? आमच्यातल्या एका काकांनी, बिचाऱ्यांची पेन्शन ती केवढी, गादीसाठी पाच हजार रुपये तिथल्या तिथे काढून दिले. बायको रात्र रात्र कण्हते म्हणून. माणसाच्या दुखण्यावर असा हात मारताना यांना काहीच कसं वाटत नाही?

मग सगळी घाई आमच्या माथी. वाईच्या ढोल्या गणपतीला दर्शन झालं की लगेच "चला, चला". अहो, पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ते देऊळ. कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय. ती बघायला मी मागे वळले, तर सहलवाला म्हणतो, "मागे काही नाही काकू." मागे काही नाही!

मेणवलीला तर रडू यायचं बाकी होतं. नाना फडणवीसांचा वाडा धावत बघितला. खाली घाटावर ती मोठी घंटा, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे. आमच्यातल्या एका बाईंनी शाळेत वर्षानुवर्षं वसईचा धडा शिकवला. त्या फक्त ती घंटा बघायला आल्या होत्या. घाटाच्या पायऱ्या आमच्या पायांनी काय दोन मिनिटांत उतरून होतात? त्या निम्म्यात पोचल्या आणि वरून हॉर्न सुरू. तशाच परत फिरल्या.

आणि बायकांच्या सोयीचं तर कधीच कुणी बोलत नाही. जाताना ज्या ढाब्यावर थांबवलं, तिथल्या संडासाला कुलूप. चावी कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. म्हणून निम्म्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. जेवण तीन वाजता, इन्सुलिन घेणाऱ्यांनी काय करायचं? बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, खाली ठेवायला साधं स्टूल नाही. एसटीतही अर्धं तिकीट मागितलं की कंडक्टरचा सूर बदलतो. घरी सांगावं तर मुलगा म्हणतो, "आई, या वयात जायचंच कशाला?" का नाही जायचं? आयुष्यभर नोकरी आणि स्वयंपाकघर केलं, आता नाही बघायचं तर कधी बघायचं?

आज त्याच सहलवाल्याचा फोन आला, पुढच्या महिन्यात पैठण आहे म्हणून. म्हटलं, वाटेत कुठे कुठे थांबणार ते लेखी द्या, आणि आधी त्या काकांचे पाच हजार परत आणा. त्याने फोन ठेवला. उद्या मी काकांना घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी अकरापर्यंत या.